तिसऱ्या मजल्यावरून खाली यायला चार लाख

एकाच इमारतीतले दोन फ्लॅट घ्या. तिसऱ्या मजल्यावर पंच्याहत्तरीपुढचं जोडपं राहतं, तळमजल्यावर तिशीतले नवराबायको आणि त्यांची शाळकरी मुलगी. इमारत १९८०च्या सुमाराची, लिफ्ट नाही. दोन्ही फ्लॅट सारख्याच मापाचे. आजोबांचे गुडघे गेलेले, आजींना मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही उतरताना पायरी नीट उमगत नाही. खालच्या कुटुंबाला वर जायला अडचण काहीच नाही. वर उजेड जास्त, डास कमी. दोन्ही घरं एकत्र बसतात आणि ठरवतात, अदलाबदल करू. बिल्डर नाही, एजंट नाही, कुणाचं कुणाला देणं नाही. मग दस्त करायला वकिलाकडे जातात तेव्हा कळतं, की महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमात अदलाबदलीच्या दस्तालाही खरेदीखताइतकंच शुल्क आहे. फ्लॅटची किंमत ८० लाख धरली तर ५ टक्क्यांनी ४ लाख रुपये. नोंदणी फी वेगळी.

याच जोडप्यानं हाच फ्लॅट मुलाच्या नावे बक्षीसपत्र करून दिला, तर मुद्रांक शुल्क किती? २०० रुपये. नवरा, बायको, मुलगा, मुलगी, नातवंडं, मुलगा वारला असेल तर सून, यांना राहतं घर बक्षीस द्यायचं असेल तर २०१५पासून महाराष्ट्रात एवढंच शुल्क आहे. महानगरपालिकांच्या हद्दीत अधिभार लागतो, पण मूळ शुल्क तेवढंच.

म्हणजे म्हाताऱ्या माणसानं घर देऊन टाकलं तर सरकार त्याला मूळ शुल्क म्हणून जवळपास काहीच मागत नाही, आणि स्वतःच्या पायांना झेपेल अशा घरात जायचं म्हटलं तर लाखांत मागतं. माझं म्हणणं एवढंच आहे की हे उलटं आहे. उतारवयात घर बदलणं ही गुंतवणूक नव्हे, ती आरोग्याची गरज आहे. साठी ओलांडलेल्या माणसाला आयुष्यात एकदा, स्वतःच्या राहण्यासाठी, लहान किंवा सोयीच्या घरात जाताना मुद्रांक शुल्क माफ झालं पाहिजे.

हा प्रश्न किती जणांचा, हे शहरातून एक फेरी मारली तरी कळतं. पुण्यात कोथरूड, सहकारनगर, कर्वेनगर. मुंबईच्या बाजूला डोंबिवली, मुलुंड, विलेपार्ले. सत्तर आणि ऐंशीच्या दशकांत इथे तीन-चार मजल्यांच्या सहकारी गृहरचना संस्था उभ्या राहिल्या. बँकेतले कारकून, शाळामास्तर, पोस्टातले, एलआयसीतले, महावितरण तेव्हा वीज मंडळ होतं त्यातले लोक. त्यांनी प्रॉव्हिडंट फंडातून पैसे काढले, बायकोच्या पाटल्या मोडल्या आणि घरं घेतली. वय पस्तीस-चाळीस होतं. तिसरा मजला थोडा स्वस्त पडायचा म्हणून घेतला, किंवा वर कुणी नाचणारं नको म्हणून घेतला. खाली पार्किंगचे खांब असले तर राहण्याचा पहिला मजलाच मुळात वीस पायऱ्यांवर. तेव्हा सिलिंडर खांद्यावर घेऊन जिना चढणाऱ्यांना तीस-चाळीस वर्षांनी याच पायऱ्या मोजत चढाव्या लागतील, हे कुणाच्या मनात येणार?

आज ती माणसं सत्तर-ऐंशीच्या घरात आहेत. २०११च्या जनगणनेतच महाराष्ट्रात साठीपुढचे लोक एक कोटीच्या वर होते. आता ते त्याहून कितीतरी जास्त असणार. यातल्या अनेकांचं आयुष्य कसं आक्रसत जातं, ते मी जवळून पाहत आलो आहे. आधी संध्याकाळचा फेरफटका बंद होतो. मग भाजी वरून दोरीला पिशवी बांधून घेतली जाते. मग ज्येष्ठ नागरिक संघाची बैठक, कीर्तन, लग्नकार्य, एकेक गळत जातं. शेवटी जिना उतरायचा तो फक्त डॉक्टरकडे जाण्यासाठी. खुब्याचं हाड मोडलं तर खुर्चीत बसवून चौघांनी धरून खाली आणायचं, वळणावर खुर्ची तिरकी करायची. २०२४च्या निवडणुकांत पंच्याऐंशीपुढच्या मतदारांचं मत घ्यायला निवडणूक आयोगाची माणसं घरी गेली. चांगलीच गोष्ट झाली. पण ज्यांना मत द्यायला खाली उतरवत नाही, ते रोजचे दिवस कसे काढत असतील, हा प्रश्न त्या मतपेटीसोबत परत गेला.

यावर कुणी म्हणेल, घर कशाला बदलायचं, इमारतीला लिफ्ट बसवा. जिथे बसते तिथे जरूर बसवावी. पण संस्थेच्या सर्वसाधारण सभेत हा विषय निघाला की काय होतं ते ज्यानं अनुभवलंय त्याला विचारा. तळमजल्यावाले म्हणतात आम्ही पैसे का द्यायचे. ज्यांच्या खिडकीपुढे लिफ्टचा मनोरा येणार ते विरोध करतात. जागा मिळाली तरी ती बहुधा जिन्याच्या बाहेरच्या अंगाला, मग लिफ्ट थांबते दोन मजल्यांमधल्या वळणावर, आणि दारापर्यंत आठ-नऊ पायऱ्या उरतातच. चाकाच्या खुर्चीतल्या माणसाला त्या आठ पायऱ्या म्हणजे तेवढीच भिंत. शिवाय बहुतेक संस्थांमध्ये लिफ्टऐवजी पुनर्विकासाची चर्चा चालू असते, आणि ती चर्चा पाच-सात वर्षं चालते. ऐंशीच्या माणसाला पाच वर्षं थांब म्हणणं सोपं असतं, कारण म्हणणारा पन्नाशीचा असतो.

मग उरतो मार्ग घर विकून लहान घर घेण्याचा. पुण्यात असं घर घेताना ५ टक्के मुद्रांक शुल्क, १ टक्का स्थानिक संस्थेचा अधिभार आणि १ टक्का मेट्रोचा, असे ७ टक्के द्यावे लागतात. खरेदी बाईच्या नावे असेल तर एक टक्का कमी. साठ लाखांच्या वन बीएचकेवर हे ४ लाख २० हजार झाले. नोंदणी फी ३० हजार. जुनं घर विकताना एजंटची दलाली, नव्या घराची दलाली, वकील, पॅकर्स-मूव्हर्स, नव्या घरात बाथरूमला पकडायला दांडे आणि उंच कमोड. पेन्शन तीस हजार असलेल्या माणसाची दोन वर्षांची पेन्शन यात जाऊ शकते. हिशेब कागदावर मांडला की तो वही मिटून ठेवतो आणि म्हणतो, जाऊ दे, आता किती दिवस राहिलेत. हे वाक्य मी अनेकांच्या तोंडून ऐकलंय. ते बोलणाऱ्यांपैकी काहीजण त्यानंतर दहा-बारा वर्षं तिसऱ्या मजल्यावर राहिले.

आयकराचा भागही इथे आडवा येतो. घर विकून झालेल्या नफ्यातून ठरलेल्या मुदतीत दुसरं घर घेतलं तर त्या रकमेपुरती करातून सूट मिळते. पण लहान घरात जाण्याचा अर्थच असा की नवं घर स्वस्त असतं आणि पैसे उरतात. त्या उरलेल्या नफ्यावर कर लागतो. टाळायचा तर ५० लाखांपर्यंत रोख्यांत घालावे लागतात आणि ते पाच वर्षं अडकतात. नफ्यावर कर लावणं चूक आहे असं मी म्हणणार नाही, तो कमाई झाल्यावरचा कर आहे. पण अठ्ठ्याहत्तरीतल्या बाईनं औषधपाण्यासाठी सोडवलेले पैसे पाच वर्षं अडकवून ठेवावेत, ही अट वयाप्रमाणे सैल करता येण्यासारखी आहे. मुद्रांक शुल्काचं तसं नाही. तिथे कमाई झालेली नसताना, केवळ जागा बदलली म्हणून पैसे जातात.

भाड्याचा पर्याय बरेच जण सुचवतात: आपलं मोठं घर भाड्यानं द्या, लिफ्टच्या इमारतीत लहान घर भाड्यानं घ्या. त्यात मुद्रांक शुल्क नाममात्र आहे. साठ महिन्यांपर्यंतच्या लिव्ह अँड लायसन्स कराराला एकूण रकमेच्या पाव टक्का. कायदा पाच वर्षांचा करार करू देतो, पण मालक अकरा महिन्यांच्या पुढे जायला तयार नसतो. म्हाताऱ्या भाडेकरूला घर द्यायला तर आणखीनच कां-कूं. मध्येच काही झालं तर, हा प्रश्न कुणी तोंडावर विचारत नाही, पण नकारामागे तोच असतो. ऐंशीच्या माणसानं दर अकरा महिन्यांनी आवराआवर करायची, नवा दूधवाला, नवी कामवाली, गॅसचा नवा पत्ता, आधारचा नवा पत्ता? ज्याला स्थैर्य हवंय त्यालाच आपण अस्थिर करतो.

केंद्र सरकारनं २००७च्या अर्थसंकल्पात रिव्हर्स मॉर्टगेजची कल्पना आणली. साठीपुढच्या माणसानं राहतं घर बँकेकडे गहाण ठेवायचं आणि बँकेनं त्याला ठरावीक रक्कम देत राहायचं. तिला लोकांनी फारसा प्रतिसाद दिला नाही. व्याज, कागदपत्रं, मुलांची नाराजी ही कारणं आहेतच. पण एक मूळ अडचण आहे जिच्याकडे लक्ष गेलं नाही. ही योजना माणसाला त्याच घरात राहायचे पैसे देते. ज्याचं दुखणं ते घरच आहे, त्याच्या हाती ती काय देणार?

आता बक्षीसपत्राकडे परत येतो, कारण खरा धोका तिथे आहे. मूळ शुल्क २०० रुपयेच पडतं, मुलाला गृहकर्जासाठी घर नावावर हवं असतं, आणि नातेवाईक म्हणतात मरणानंतर कटकटी नकोत, आत्ताच करून टाका. आईवडील सही करतात. बहुतेक घरांत पुढे काही वाईट घडत नाही, हे खरं आहे. पण जिथे घडतं तिथे म्हातारी माणसं स्वतःच्या घरात पाहुणी होतात. २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात यासाठी तेविसावं कलम आहे: सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळलं नाही, तर ते हस्तांतरण रद्द करून घेता येतं. अट दस्तात असायला हवी का, यावर बरीच कोर्टकचेरी झाली. डिसेंबर २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अशी अट होती हे सिद्ध झालं पाहिजे असा निकाल दिला. जानेवारी २०२५मध्ये एका आईच्या खटल्यात त्याच न्यायालयानं हा कायदा ज्येष्ठांच्या बाजूनं उदारपणे वाचला पाहिजे असं सांगून बक्षीसपत्र रद्द केलं आणि घराचा ताबा तिला परत द्यायला लावला. दिलासा मिळाला, पण त्यासाठी एका म्हाताऱ्या बाईला खालपासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं.

कर हा लोकांना वळण लावतो. मूळ शुल्क एका वाटेवर २०० रुपये आणि दुसऱ्या वाटेवर चार लाख असेल, तर लोक कुठे वळतील हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही. राज्य सरकारनं हे स्वतःच करून पाहिलंय. कोविडमध्ये सप्टेंबर २०२० ते डिसेंबर २०२० या काळात मुद्रांक शुल्क ५ वरून २ टक्क्यांवर आणलं, पुढे मार्च २०२१पर्यंत ३ टक्के ठेवलं. दुय्यम निबंधक कार्यालयांत तेव्हा कशी झुंबड उडाली ते आठवत असेल. शुल्क कमी झालं की माणसं हलतात. तेव्हा हेतू बांधकाम व्यवसाय हलवण्याचा होता. जिन्यात अडकलेल्या माणसाला हलवण्यासाठी तोच उपाय का वापरू नये?

हे सारं मी मुख्यतः बायकांचा विचार करून लिहितो आहे. नवरा वयानं मोठा असतो आणि बहुधा आधी जातो. फ्लॅट त्याच्या एकट्याच्या नावावर असतो, मृत्युपत्र केलेलं नसतं. मग हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे बायको, मुलगे, मुली, आणि हयात असेल तर त्याची आई, सगळे सारखे वाटेकरी. संस्थेत नॉमिनी म्हणून बायकोचं नाव असलं तरी त्यानं ती पूर्ण मालक होत नाही. तिला तो तिसरा मजला सोडून कुठे खाली जायचं असेल तर अमेरिकेतला मुलगा, बंगळूरची मुलगी आणि गावातला धाकटा, सगळ्यांच्या सह्या हव्यात. एक सही अडली की घर अडलं. ज्या बाईनं चाळीस वर्षं तो जिना झाडला, पाणी भरलं, गणपती वर नेला आणि खाली आणला, तिला त्या जिन्यातून सुटायला तिघांची परवानगी लागते. म्हणून घर बदलायचं ते दोघं असताना, हातपाय चालत असताना, पासष्टीच्या आसपास. आणि नवं घर दोघांच्या नावे, सोबत मृत्युपत्र. ही सवलत आली तर तिचा सर्वांत मोठा उपयोग हाच होईल, की लोक ऐंशीपर्यंत थांबणार नाहीत.

सामानाचं दुःख खोटं नाही. मोठ्या घरातून लहान घरात जाताना तांब्याचा बंब, पितळी डबे, पाटावरवंटा, लग्नातलं कपाट, माळ्यावरच्या मुलांच्या वह्या, सासऱ्यांची ज्ञानेश्वरी, यांतलं काय न्यायचं आणि काय मोडीत घालायचं हे ठरवताना माणूस थकून जातो. भंगारवाला वजनावर भाव करतो तेव्हा पोटात तुटतं. पण हे दुःख टळत नाही, फक्त पुढे ढकललं जातं. आपण निवडलं नाही तर पुढे मुलं निवडतात, आठवड्याच्या रजेत, घाईघाईनं, आणि कोणता डबा कुणाच्या लग्नातला हे त्यांना सांगायला कुणी नसतं. पासष्टीत आवरलं तर भाचीला बोलावून पैठणी तिच्या हातात देता येते, वाचनालयाला पुस्तकं स्वतः नेऊन देता येतात.

सवलतीचा गैरफायदा घेतला जाईल, हा आक्षेप रास्त आहे. मुलगा आईच्या नावे घर घेईल आणि शुल्क वाचवेल. म्हणून अटी हव्यात. साठीपुढच्या जोडप्याला किंवा एकट्या व्यक्तीला आयुष्यात एकदाच. आधीचं राहतं घर विकल्याचा किंवा अदलाबदल केल्याचा दस्त सोबत हवा, एका वर्षाच्या आतला. नवं घर क्षेत्रफळानं लहान, किंवा तळमजल्यावर, किंवा लिफ्ट असलेल्या इमारतीत. पाच वर्षं ते विकता किंवा बक्षीस देता येणार नाही. मृत्यू आला तर वारसांना अडथळा नाही. माफीला रकमेची मर्यादा घाला, म्हणजे मलबार हिलवरच्या घरांना ती जाणार नाही. यातलं काही अवघड नाही. महिलांना १ एप्रिल २०२१पासून एक टक्का सवलत मिळते; सुरुवातीला तिला पंधरा वर्षांत पुरुषाला न विकण्याची अट होती, ती त्रासदायक ठरली आणि २०२३मध्ये काढली. म्हणजे अट घालायची यंत्रणाही सरकारकडे आहे आणि ती चुकली तर दुरुस्त करायचा अनुभवही. पंच्याहत्तरीपुढच्यांना ऑगस्ट २०२२पासून एसटीचा प्रवास मोफत आहे, वयाचा पुरावा दाखवून. पंढरपूरला फुकट नेणाऱ्या सरकारला तिसऱ्या मजल्यावरून तळमजल्यावर नेणं परवडू नये, असं होणार नाही.

महसूल बुडेल म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो, की हे व्यवहार आज होतच नाहीत. न झालेल्या व्यवहाराचं शुल्क तिजोरीत येत नाही. उलट म्हाताऱ्या जोडप्यानं सोडलेला तीन खोल्यांचा फ्लॅट जे तरुण कुटुंब घेईल, ते पूर्ण शुल्क भरेलच.

शुल्क माफ करून भागणार नाही, हेही खरं. लहान घरं असायला हवीत, आणि ती त्याच पेठेत, त्याच वॉर्डात. तळेगावला, लोणावळ्याला हिरवळीतले ज्येष्ठांचे प्रकल्प आहेत, पुण्यात ‘अथश्री’सारखे प्रकल्प बऱ्याच वर्षांपासून आहेत, ज्यांना रुचतं त्यांनी तिथे आनंदानं राहावं. महारेरानं, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणानं, २०२४मध्ये अशा प्रकल्पांसाठी नियमही केले: दारं किमान ९०० मिलिमीटर रुंद, उंबरे नकोत, चाकाची खुर्ची मावेल अशी लिफ्ट, जिन्याला आणि बाथरूमला धरायला दांडे. उत्तम नियम आहेत. पण ते ‘ज्येष्ठांसाठी’ अशी पाटी लावलेल्या प्रकल्पांनाच का? म्हातारपण पाटी बघून येत नाही. आणि बहुतेकांना आपला डॉक्टर, आपला किराणावाला, सकाळच्या हास्यक्लबातली माणसं सोडून जायचं नसतं. चार गल्ल्या पलीकडे, लिफ्टचं, दोन खोल्यांचं घर त्यांना हवं असतं, आणि नेमकं तेच आज बांधलं जात नाही. जुन्या संस्थांचा पुनर्विकास होतो तेव्हा बिल्डर विकायला तीन आणि चार बेडरूमचे फ्लॅट काढतो.

इथे संस्थांच्या हातात एक गोष्ट आहे, तिला सरकारची वाट पाहायला नको. पुनर्विकासाच्या करारात सगळ्या सभासदांना जादा क्षेत्रफळ द्यायचं ठरतं आणि सगळे त्या टक्क्यांवर भांडतात. ऐंशीच्या माणसाला जादा खोली कशाला? ती झाडायची कोण, तिचा वाढीव मेंटेनन्स भरायचा कशातून? करारातच एक कलम घाला, की पासष्टीपुढच्या सभासदाला हवं असेल तर त्यानं जादा जागेऐवजी लहान फ्लॅट आणि त्या फरकाची रोख रक्कम घ्यावी, आणि नव्या इमारतीत खालचे मजले निवडण्याचा पहिला हक्क त्याचा असावा. बांधकामाच्या तीन वर्षांत त्याच्यासाठी भाड्याचं घर शोधायची जबाबदारी बिल्डरवर असावी, नुसता भाड्याचा चेक देऊन त्याला मोकळं होता येऊ नये. हे कलम मसुद्यात टाकायला सर्वसाधारण सभेतला एक ठराव पुरतो. तो मांडायला मात्र पन्नाशीतल्या कुणीतरी उठलं पाहिजे, कारण ज्यांना त्याची गरज आहे त्यांच्यातले निम्मे जिना उतरून सभेला येऊच शकत नाहीत.